सेवकराम सोनकुसरे आणि न फिरणारा पंखा

सेवकराम सोनकुसरेने बसवलेल्या कुठल्याही नळीतून किंवा बोल्टातून पाण्याचा थेंब गळत नाही, हे पवनीत कोणालाही विचारा. भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. पाटी एका वादळात उडून गेली. नवी लावायचं त्याला सुचलं नाही आणि गिऱ्हाइकांचंही तिच्यावाचून काही अडलं नाही. न गळण्याचं गुपित तो कोणापासून लपवतही नसे. त्याचा बाप विणकर. पोरगा मोटारीच्या कामाला लागला तेव्हा बापाने सांगितलं होतं, की बोल्टाच्या आट्यांवर कोशाच्या रेशमाचा धागा गुंडाळ, वरून सफेद्याचा पांढरा लेप लाव आणि मग घट्ट आवळ. चाळीस वर्षं सेवकराम तेच करत आला. बाजारात पांढरी टेप आली, ट्यूबमधली चिकटी आली, पण याने तिकडे ढुंकून पाहिलं असेल तर शपथ. या एका बाबतीत माणूस हट्टी, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र हा गर्व जरा डळमळला होता. गॅरेजच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. एका सकाळी त्याने शेजारच्या बाबुलालला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. जेवून हात धुतले आणि पुन्हा विचारलं, "आज स्वयंपाक नाई केला काय व?" त्याची बायको कौशल्याबाई हे सगळं मनात टिपून ठेवत होती. सासऱ्यांचं शेवटचं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. हातमागावर बसलेला म्हातारा अर्ध्या लुगड्यावर थांबायचा आणि हे कोणाचं आहे म्हणून विचारायचा. पहिली दोन वर्षं घरातल्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

तिने भंडाऱ्याला डोक्याच्या डॉक्टरकडे सोमवारचा नंबर लावला. न विचारता लावला, म्हणून सेवकराम भडकला.

"मले काई झालं नाई. काहून जाऊ मी?"

"झालं नाई तं डॉक्टर तसं सांगन जी. जाऊन यायले काय होते?"

नेमकी तेव्हा मधुकररावांची गाडी अंगणात उभी होती. मधुकरराव जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन पवनीत राहायला आलेले. गाडी जुनी, पांढरी आणि मालकासारखीच टापटीप. अड्याळच्या पुढे तिच्या इंजिनातून वाफा निघाल्या होत्या. कारण साधं होतं. रेडिएटरमागचा विजेचा पंखा फिरत नव्हता, आणि त्याला फिरवणारा सेन्सर मेला होता. पाणी तापलं की या सेन्सरच्या आत जोडणी होते आणि पंखा सुरू होतो. पाणी निवलं की जोडणी तुटते. एवढंच त्याचं काम. मधुकररावांनी नागपुरातून नवा सेन्सर आणून ठेवला होता.

"ठीक हाय," सेवकराम बायकोला म्हणाला. "हा पंखा मी रविवारपर्यंत फिरवला, तं माहं डोकं शाबूत हाय. मंग डॉक्टर नाई. नाई फिरला, तं तू म्हनशीन तिथं येतो."

कौशल्याबाईने मान डोलावली. नव्या सेन्सरचं काम अर्ध्या तासाचं असतं, हे तिला काय माहीत! सेवकरामला माहीत होतं, म्हणून तर त्याने पैज लावली.

गुरुवारी त्याने जुना सेन्सर काढला. इंजिनातून गरम पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे लोखंडात आटे पाडलेलं भोक होतं. नव्या सेन्सरसोबत डबीत एक तांब्याचा वायसर आला होता, तो त्याने डबीतच राहू दिला. धागा असताना वायसर कशाला? कोशाचे सात वेढे दिले, वर सफेद्याचा जाड हात फिरवला, सेन्सर आवळला, त्याची एकुलती एक वायर डोक्यावर खोचली आणि इंजिन सुरू केलं. पाण्याच्या तापमानाचा काटा चढला. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या वर गेला. पंखा ढिम्म. काटा लाल रेघेला टेकायच्या आत सेवकरामने इंजिन बंद केलं.

त्याने वायर काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. पंखा भन्नकन फिरला. म्हणजे पंखा ठीक, वायर ठीक, फ्यूजही ठीक. मग सेन्सरच खराब. तो बाहेर काढला, धागा खरवडला, बॅटरीची एक तार त्याच्या अंगाला चिमट्याने लावली, डोक्याला बल्ब जोडला आणि घरून पातेलं आणून त्यात सेन्सर उकळला. पाण्याला उकळी फुटायच्या आधीच बल्ब लागला. थंड पाणी ओतलं, विझला. पुन्हा तापवलं, पुन्हा लागला. सेन्सर चांगला!

सगळं चांगलं असताना पंखा फिरत नाही, याला काय म्हणायचं? सेवकरामने पुन्हा सात वेढे दिले, सफेदा लावला, सेन्सर बसवला. पंखा फिरला नाही. बाहेर काढून उकळला, बल्ब लागला. शुक्रवार असाच गेला. पातेल्यात शहाणा आणि इंजिनात मुका, असा सेन्सर त्याने जन्मात पाहिला नव्हता. मधेच त्याला वाटायचं, की आपण एखादी पायरी गाळतोय आणि गाळली हेच आपल्याला आठवत नाही. म्हणून त्याने खडूने भिंतीवर पायऱ्या लिहिल्या आणि एकेक करत गेला. वेढे द्यायचे, सफेदा लावायचा, आवळायचं, वायर खोचायची. एकही गाळली नव्हती. त्यामुळे तो आणखीच घाबरला.

शनिवारी मधुकररावांनी दुसरा सेन्सर मागवला. तोही तसाच निघाला.

"सेवकराम, गाडीले भूतबाधा तं नाई न झाली?" मधुकरराव हसत म्हणाले.

सेवकरामला हसू आलं नाही. त्याला रडू येत होतं, आणि हे कोणाला दिसू नये म्हणून तो गाडीखाली शिरला. तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं. चाळीस वर्षांत गाड्यांनी त्याला दमवलं होतं, पण एखादी सोपी गोष्ट अशी हातातून निसटली नव्हती. हातमागावर थांबलेला बाप त्याला दिसत होता. बापालाही असंच वाटलं असेल का? धागा समोर, हात जागेवर, आणि पुढचं काही कळत नाही?

रविवारी सकाळी त्याने हात टेकले. मधुकररावांना फोन करून सांगितलं, की सेन्सरचा नाद सोडा, मी आत स्टिअरिंगखाली एक बटण देतो. काटा अर्ध्याच्या वर गेला की तुम्ही हाताने पंखा सुरू करायचा. मधुकरराव गाडी न्यायला आले. भोक उघडं ठेवता येत नाही, म्हणून सेवकरामने उकळून बाहेर ठेवलेला सेन्सर त्यात नुसता फिरवला, आवळला, सवयीने वायरही खोचली. रेडिएटरमध्ये पाणी भरलं आणि काटा कुठे आल्यावर बटण दाबायचं, ते दाखवायला इंजिन सुरू केलं. बटण अजून जोडायचंच होतं.

काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि पंखा आपोआप फिरू लागला.

मधुकररावांनी टाळी वाजवली. सेवकराम पंख्याकडे बघत उभा. मग त्याची नजर सेन्सरकडे गेली. आट्यांतून पाण्याचा थेंब आला, दुसरा आला. सेवकरामच्या हातच्या कामातून पाणी गळत होतं.

"माह्याकडून गळून राहिलं," तो पुटपुटला. "धागा... मी धागा नाई गुंडाळला."

तो विसरला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि समोर पंखा फिरत होता, थांबत होता, काटा चढला की पुन्हा फिरत होता. यातल्या कशाचा आनंद मानावा आणि कशाचं दुःख करावं, ते त्याला कळेना. तो स्टुलावर बसला आणि थेंब बघत राहिला. हळूहळू उलगडलं. सेन्सरला वायर एकच होती. दुसरी वायर म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. अंगातून आटे, आट्यांतून इंजिनाचं लोखंड, तिथून बॅटरी, असा विजेचा रस्ता. पातेल्यात अंगाला चिमटा लावला म्हणून बल्ब लागत होता. इंजिनात मात्र सात वेढ्यांनी आणि सफेद्याने तोच रस्ता बुजवून टाकला होता, आणि सेन्सरचं अंग लोखंडाला जोडणारा तो तांब्याचा वायसरही घातला नव्हता. आजवर त्याने हाताळलेल्या गाड्यांत पंख्याचे सेन्सर दोन वायरींचे असायचे, त्यांना धाग्याने काही फरक पडला नव्हता.

त्याने डबीतला तांब्याचा वायसर काढला, तो घालून सेन्सर आवळला, धाग्याशिवाय. गळती थांबली. पंखा फिरत राहिला. मधुकरराव खूश होऊन गाडी घेऊन गेले.

दुपारी जेवायला बसल्यावर त्याने सांगितलं, "पंखा फिरला."

कौशल्याबाईच्या हातातला भाताचा झारा तसाच राहिला. "जिंकले म्हना तुम्ही," ती म्हणाली. "बरं झालं बाप्पा. नंबर काढून टाकते मी." ती हसत होती, पण तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसत नव्हतं.

सेवकरामने घास उचलला आणि परत ताटात ठेवला. गप्प बसला असता तर चाललं असतं. पंखा फिरला होता, पैज पैजेच्या जागी होती आणि मधुकरराव साक्षीला होते.

"कौसल्या, मी काई शोधून नाई काढलं व," तो म्हणाला. "मी धागा गुंडाळाचं विसरलो, म्हनून तो फिरला. मंग समजलं काहून फिरला ते. पन पयले विसरलो. आता मले सांग, माहं डोकं चांगलं हाय का बिघडलं? मलेच समजून नाई राहिलं."

कौशल्याबाई जवळ सरकून बसली. "मले भेव वाटते जी," ती म्हणाली. "मामंजीच्या वेळी आपन सारे हासत होतो."

"मलेही वाटते." हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. "उद्या जाऊ. पन तू आत येशीन न माह्यासंगं? डॉक्टरले हे सारं सांगा लागन. सांगता सांगता मी मधातच विसरलो, तं पुढचं तू सांगजो."