खोली क्रमांक सतरा

दिनांक २६ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिवलीच्या जहागीरदार बंगल्याचे मूल्यांकन झाले. २ कोटी ८७ लाख १४ हजार ५०० रुपये. अठरा पानी अहवालात रंगीत काचा होत्या, बर्मा सागाचा जिना होता, फुटक्या कारंज्याचीही किंमत धरली होती. शेवटच्या पानावर एक ओळ होती : खोली क्रमांक १७, भांडार, रिकामी. त्या खोलीत कोंडाजी जन्मला होता.

बंगला घाटावरून उतरणाऱ्या थंड हवेसाठी बांधलेला. पुढे जहागिरी गेली आणि १९५८ साली सरकारने तो कार्यालयासाठी घेतला. नाचाच्या दालनात प्लायवूड ठोकून सात टेबले बसवली. देवघरात झेरॉक्स मशीन आले. मी तिथे लेखा विभागात अठरा वर्षे काढली, तीही जहागीरदारांच्या न्हाणीघरात. पाठीमागे संगमरवरी हौद होता, त्यात आम्ही जुनी बिले ठेवत असू.

घर सोडताना जहागीरदारीणबाई माळ्याला, म्हणजे कोंडाजीच्या बापाला, नागूला म्हणाल्या होत्या, "मागची खोली तुझी. जिन्याला तेवढं तेल लावत राहा." कागद झाला नाही. नागूने मरेपर्यंत तेल लावले, मग कोंडाजीने. कोंडाजी आमच्याकडे अर्धवेळ झाडूवाला होता. जिना त्याच्या कामात नव्हता, तरी दर शनिवारी नारळाची शेंडी आणि अळशीचे तेल घेऊन तो वरच्या पायरीपासून खाली घासत यायचा.

एकदा एक शिपाई जिन्याच्या वळणावर पान थुंकला. कोंडाजीने त्याच्या हातात ओले फडके दिले.

"पूस. बापाच्या घरात थुंकतोस का रं?"

"बापाचं कुठलं? सरकारचं घर आहे."

"मंग सरकारच्या तोंडावर थुंकतोस व्हय? पूस!"

शिपायाने पुसले. आमच्यापैकी कोणाचे तो एवढे ऐकत नसे.

२००६ च्या मार्चमध्ये मी आवाराची पडताळणी केली. नोंदवहीत सोळा खोल्या, जागेवर सतरा. सतरावीत चूल, दोन ट्रंका, कोंडाजीची बायको गौराबाई आणि पाळण्यात मुलगी भाविका. वही आणि जागा जुळत नव्हती, आणि न जुळणारी गोष्ट मला सहन होत नाही. 'कर्मचारी राहतो' असे लिहावे तर परवानगीचा आदेश लागणार. तो नाही, म्हणजे अतिक्रमण. लेखापरीक्षक आठवड्याने यायचे होते.

मी कोंडाजीला म्हटले, "एक दिवस सामान भावाकडे कळंबला ने. मी खोली रिकामी दाखवतो. मग कोणी विचारणार नाही. रेशनकार्डही तिकडच्या पत्त्यावर करून घे."

"आन परत येऊ ना?"

"संध्याकाळी परत."

पंचनाम्याला साक्षीदार हवा होता. कोंडाजी चौथी शिकलेला. त्याने पूर्ण नाव लिहिले, खाली लांब रेघ ओढली आणि कागद लांब धरून पाहिला. "आता आमी बी साक्षीदार," असे तो दिवसभर सगळ्यांना सांगत होता.

पुढे दर मार्चला मी 'मागील वर्षाप्रमाणे' लिहायचो आणि कोंडाजी सही करायचा. सामान हलवायचीही गरज उरली नाही. सहीच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून यायचा.

२०२३ च्या अखेरीस कार्यालय नव्या इमारतीत न्यायचे आणि बंगला हॉटेल कंपनीला द्यायचा, असे ठरले. आवारात राहणाऱ्यास दोन खोल्यांचे घर मिळेल, असे करारात कलम होते. कोंडाजीने अर्ज केला. मूल्यांकनाला माणसे येणार म्हणून त्याने जिना दोनदा घासला. घराची किंमत कमी व्हायला नको, असे त्याला वाटत होते.

मूल्यांकनानंतर एप्रिलमध्ये सुनावणी झाली. कोंडाजी आणि गौराबाई टेबलासमोर उभे होते, मी वह्या घेऊन बाजूला. निवेदिता मॅडम नव्या अधिकारी होत्या, वागायला सभ्य. त्यांनी एकेक पान उलटले. २००६ ते २०२३, अठरा पंचनामे, अठरा सह्या.

"ही सही तुमचीच?"

"माजीच हाय." त्याने रेघेवर बोट ठेवले.

"खोली रिकामी आहे, असं तुम्हीच दरवर्षी लिहून दिलंय."

कोंडाजीने माझ्याकडे पाहिले. गौराबाईने पाहिले नाही. ती मॅडमना म्हणाली, "बाई, माजी पोर त्या खोलीत चालायला शिकली. अठरा वर्सं आमी काय भुतं व्हतो का?"

मॅडमनी मला विचारले, "नोंद तुमची. काही सांगायचंय?"

माझी निवृत्ती ऑक्टोबरात होती. नोंद खोटी आहे म्हणावे तर चौकशी लागणार आणि निवृत्तिवेतन अडकणार. मी म्हटले, "नोंदीप्रमाणे आहे."

अर्ज फेटाळला गेला. बाहेर पायऱ्यांवर कोंडाजी म्हणाला, "तुमी म्हनला व्हतात, कोनी विचारनार नाय."

"गप र्‍हावा," गौराबाई म्हणाली. "साहेबांची वही जुळली ना? मंग झालं."

मे महिन्यात ते कळंबला भावाच्या पडवीत राहायला गेले. पावसाळ्यात हॉटेलवाल्यांनी प्लायवूड काढले, देवघरात काउंटर केला. सतरा नंबरात आता खरोखर भांडार आहे, त्यात गाद्या ठेवतात. जिना पांढरा पडू लागला, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने मला फोन करून जुना माणूस कुठे भेटेल विचारले. मी पत्ता दिला. कोंडाजीने निरोप पाठवला : नोंदीत माणूस नाय, रिकामी खोली हाय, तिला इचारा.

मूल्यांकनाच्या आधी त्याने अळशीच्या तेलाचे दोन डबे स्वतःच्या पैशाने आणले होते. किरकोळ खर्चात बसवून देतो, असे मी म्हणालो होतो. पावतीवर दुकानाचे नाव नव्हते, त्यामुळे ती मंजूर झाली नाही.

कोंडाजीचे ३६० रुपये अजून द्यायचे आहेत.