कोऱ्या कागदावरच्या टिकल्या

नोकरी संपून वर्षं लोटली तरी चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे एक्सरेबाईच म्हणायचे. इस्पितळाच्या तळघरात, शिशाच्या पडद्यामागे उभं राहून "श्वास घ्या, धरा, सोडा" एवढंच बोलण्यात बाईंची हयात गेली. गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. त्यासाठी नवरा होता. तो वायरमन. कुणाचा फ्यूज उडो, कुणाचा पंखा अडो, हा पेटी घेऊन हजर. घरी त्याच्या ताटावर झाकण.

तो गेला आणि बाईंच्या घरची घरप्रार्थनाही गेली. दर बुधवारी संध्याकाळी माणसं पाळीपाळीने एकेकाकडे जमत, गीतं म्हणत, चहा पीत. पहिल्या वर्षी बाईंची पाळी वगळली, ती "दुःखात आहेत, कशाला त्रास?" म्हणून. पुढे वगळली ती निव्वळ सवयीने. बाई इतरांकडे जात राहिल्या. आपणहून मागणं मात्र जिवावर यायचं. मागून आणलेला पाहुणा काय कामाचा?

अशात एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. बाकं रिकामी पडत चालली होती. पुढे काय करायचं ते ठरवण्याआधी आपण कशाला मोल देतो ते ठरवू, असं त्यांचं म्हणणं. बैठक चालवायला त्यांची भाची आली होती. कंपन्यांमधून ती असल्याच बैठका घ्यायची. भिंतीवर मोठे कागद लावले होते: आपुलकी, सेवा, प्रार्थना, शिस्त. शेवटचा कोरा. प्रत्येकाच्या हातात तीन लाल टिकल्या दिल्या. मनाला पटेल त्या कागदावर चिकटवायच्या.

"पण आधी एकेक आठवण सांगा. मंडळी म्हणून आपण खरे उतरलो, असा प्रसंग," भाची म्हणाली.

हेडमास्तर लगेच उठले. "आमच्या मुलीच्या लग्नात ऐन वेळी दिवे गेले. कोण धावलं? आपले वायरमन!"

"माझी भट्टी बंद पडली तेव्हा अंगात ताप घेऊन आला हो बिचारा," बेकरीवाली म्हणाली.

मग वायरमनच्याच गोष्टी निघाल्या. भाची लिहीत सुटली. बाई दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होत्या. तो ताप त्यांनीच पाहिला होता, जाऊ नकोस म्हणून भांडल्याही होत्या. इथली प्रत्येक संध्याकाळ त्यांना दुसऱ्या बाजूने ठाऊक होती, झाकलेल्या ताटाच्या. नवरा सगळ्यांत वाटला गेला होता आणि वाटणीत त्यांच्याकडे झाकण आलं होतं.

"भाग्यवान आहात बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

टिकल्या लागल्या. आपुलकीचा कागद गोवर आल्यासारखा लाल झाला. शेवटी बाई उठल्या आणि त्यांनी तिन्ही टिकल्या कोऱ्या कागदावर ठोकल्या.

"मावशी, इथे काय लिहू?" भाचीने विचारलं.

"माझ्या घरची घरप्रार्थना."

"अहो, ते मूल्य नाही. तो कार्यक्रम झाला."

"मग मूल्य म्हणजे काय? भिंतीला चिकटतं ते?"

हेडमास्तरांनी घसा साफ केला. "बाई, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही…"

"चार वर्षं मला काडीचा त्रास नाही, हेडमास्तर. घरात तोंडसुद्धा उघडावं लागत नाही."

"आम्हाला काय स्वप्न पडतं?" बेकरीवालीने सुनावलं. "बोलायचंत ना! तोंड असं करून बसता, विचारायची छाती होत नाही."

सगळे हसले. बाईंनाही हसू आलं, कारण खोटं काहीच नव्हतं.

बुधवारी माणसं आली. तीन जिने धापा टाकत चढली, चर्चच्या घडीच्या खुर्च्या वर आणल्या. खोली गच्च भरली. वायरमनचं आवडतं गीत झालं, पुन्हा त्याच्याच गोष्टी झाल्या. बाई, तुमचा दिवस कसा जातो, हे विचारायचं तेवढं राहिलं. मग बेकरीवालीचा केक, चहा, "निघतो हं", आणि दारातल्या चपलांची झुंबड. जिन्यातून हसणं खाली उतरत गेलं. फाटक वाजलं. खोली होती त्याहून मोठी झाली.

कप विसळताना बाईंना दाराआड एक खुर्ची दिसली. विसरलेली. त्यांनी फोन उचलला. माणसं अजून कोपऱ्यावरच असतील. मग फोन ठेवून दिला. कुणाच्या तरी लक्षात येईलच की. येईल कुणीतरी न्यायला.

त्यांनी खुर्ची उघडली, टेबलाशी आपल्या समोर ठेवली, आणि केकचा एक तुकडा बशीत काढून वर झाकण ठेवलं.

खाली फाटक वाजलं. पावलं चढू लागली. बाईंनी श्वास धरला. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, कुलपात किल्ली फिरली, दार लागलं.

"सोडा," बाई समोरच्या खुर्चीला म्हणाल्या.