वालाच्या मुळांना गाठी नाहीत

नेऱ्याच्या अलीकडे आमचं एक शेत आहे. तिथे सहा वर्षं कंटेनरचे ट्रेलर उभे राहत होते. भाडेकरारावर सही माझी. वडील नको म्हणत होते, पण मी पनवेलला नोकरी करणारा, चार बुकं शिकलेला, त्यामुळे मला सगळं कळत होतं. जमीन काय कुठे पळून जाते का, असं मी त्यांना समजावलं. जमीन पळाली नाही. तिच्यावर मुरूम पडला, रोलर फिरला आणि डिझेल सांडत राहिलं.

करार संपल्यावर मी जेसीबी आणून मुरूम काढून घेतला. चटई उचलली की खाली आपली फरशी असते, तशी खाली आपली माती असणार, एवढा साधा हिशोब. माती होती. नांगर तिच्यावरून घसरत गेला. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, इथे आधी रस्ता होता का.

वडील आता थकलेत. त्यांना एकदा, फक्त एकदा, आपल्या शेतातला कडवा वाल बघायचा होता. आमच्याकडे भात कापलं की ओलीवर वाल टाकतात, तो दवावर येतो, आणि थंडीत त्याच्या शेंगा मडक्यात भरून, मडकं जाळात ठेवून पोपटी लावतात. सहा हिवाळे वडील लोकांच्या पोपटीला गेले आणि घरी येऊन म्हणाले, शेंगा बऱ्या होत्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोनतीनदा नांगरून, पाणी मारून वाल टाकला. वीतभर वाढला आणि पिवळा पडला. मी युरियाची गोणी आणायला निघालो, तर बायकोने थांबवलं. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिने चार रोपं मुळासकट उपटली. वडिलांचा चेहरा असा झाला, जणू सुनेने त्यांच्याच मिशा उपटल्या. मुळं पांढरी, स्वच्छ होती. तेच वाईट, असं ती म्हणाली. वालाच्या मुळांना गाठी हव्यात, त्यांत सूक्ष्म जीव राहतात, ते हवेतला नत्र रोपाला पुरवतात. ट्रेलरखाली ना हवा, ना पाला, ना मूळ. ते जगणार कशावर? ज्या शेतात वाल नीट होतो तिथली माती आणून मिसळू, पुन्हा पेरू, बघू, असं तिचं म्हणणं पडलं.

तशी माती जवळपास एकाच शेतात होती. काकांच्या. वडील आणि त्यांचा हा धाकटा भाऊ बारा वर्षं बोलत नव्हते. कारण बांध, दुसरं काय असणार! काकांनी तो हातभर आमच्याकडे सरकवला असं वडील म्हणायचे, काका नेमकं उलटं म्हणायचे. तुझ्या शेतातली चिमूटभर माती मला नको, हे वडिलांनी तेव्हा गावासमोर ऐकवलं होतं, आणि गाव असलं काही विसरत नाही. मी म्हटलं, मी जाऊन मागतो. वडिलांनी घमेलं उचललं आणि स्वतःच निघाले. मी फावडं घेऊन मागून.

काकांचा वाल गुडघाभर, हिरवागार. वडिलांनी घमेलं खाली ठेवलं आणि माती पाहिजे एवढंच सांगितलं. काका आता उट्टं काढणार, अशी माझी खात्री होती.

"घमेल्यानं काय होनार, दादा? टेम्पो आन," काका म्हणाले. "आयतवारी हितं भराव पडनार हाय. गोडाऊन होतंय."

"मंग वाल?"

"सवयीनं पेरला."

वडिलांनी वाकून वालाचं एक पान उलटं करून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तुज्या पोरानं सांगितलं?"

काकांनी मान डोलावली. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून मी फावडं मारलं. चांगलं जोर लावून मारलं.

वडिलांनी माझा हात धरला. "खोल नको. जित्ती माती वरची चार बोटंच असते."

मग ते उकिडवे बसले आणि हातानेच वरची माती खरवडून घमेल्यात भरू लागले. काका त्यांच्या पुढे पुढे सरकत होते आणि त्यांना हात घालायला जागा व्हावी म्हणून आपला वाल उपटून बाजूला ठेवत होते.