कासवाच्या नजरेनं

काष्टीच्या आमच्या घरी कासव काचेच्या पेटीत राहायचं. गेल्या हिवाळ्यात ते आठवडाभर सारखं काचेवर पाय घासत होतं. मी पालक दिला, पाणी बदललं, तरी थांबेना. शेवटी माझ्या सासूबाई पदर खोचून पेटीशेजारी फरशीवर पालथ्या झोपल्या आणि कासवाच्या उंचीवरून बघू लागल्या.

"अगं, हितनं अंगणातली मेथी दिसती! मधी काच हाय, हे त्याला कुठं कळतंय?"

मीही हसत त्यांच्या शेजारी आडवी झाले. खरंच, समोर कोवळ्या मेथीचा वाफा होता. आम्ही काचेच्या खालच्या भागाला खाकी कागद चिकटवला आणि कासव शांत झालं. आता सासूबाईंनाच राहवेना. त्यांनी त्याला उचलून थेट वाफ्यात सोडलं. ते मेथी खाताना बघण्यात आमचा दोघींचा चहा गार झाला.