तोफेचा हळू आवाज

बायकोच्या कानाखाली वाजवल्याचा आवाज पुढे किती दिवस तिच्या कानात घुमतो, विचारलंय कधी कुणाला?

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं विचारलं. तिला सगळे तोफ म्हणतात. गोळी कधी घ्यायची हे ती आत सांगते आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला पाठ होतं.

एक जोडपं आलं. बाईचा डावा कान ठणकत होता. तिची पर्स नवऱ्याच्या हातात, केसपेपर त्याच्याच हातात आणि उत्तरंही त्याचीच. "काडी लागली हिला. धांदरट आहे!" चेहऱ्यावर हसू असं, की सासूनं ओवाळावं.

डॉक्टरांनी कानात पाहिलं. पडदा फाटला होता. "ऐकू किती येतं ते तपासायचंय. शांतता लागते, तुम्ही बाहेर बसा." तो बसला, पण दाराला चिकटून असलेल्या बाकावर.

तोफेच्या मस्तकात तिडीक गेली. 'सोड की त्या मेल्याला!' अगदी जिभेवर आलं होतं. पण एक शब्द दाराबाहेर गेला, तर घरी भोगणार ही. शिवाय प्रशिक्षणात बजावलं होतं, हुकूम सोडायचे नाहीत, विचारायचं. तिनं राग गिळला. स्टूल बाईच्या उजवीकडे, धडक्या कानाशी ओढलं आणि कुजबुजली, "ताई, असा पडदा कधी कधी मारानंही फाटतो. घरी कुणी हात उचलतं? सांगायचं नसेल तर राहू द्या."

बाई बघतच राहिली. "अगंबाई, तुम्हाला हळू बोलता येतं?"

"आजच शिकले."

बाईला हसू फुटलं, मग रडू. मग सगळं सांगितलं.

"आज घरी जायची भीती वाटते?"

"आज नाही. पण नंबर लिहून देऊ नका, तो पर्स उचकतो."

"मग मार खाणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना पुढच्या तपासणीला इथंच बोलावू?"

तिनं मान डोलावली. पुढच्या खेपेला नवरा बाकावर आणि आत तिघी जणी कुजबुजत. कधी निघायचं, कुठं जायचं, ते त्या बाईनंच ठरवलं.

आता ती मावशीकडे राहते. परवा एकटीच आली, पर्स स्वतःच्या खांद्याला. तोफ लांबूनच गरजली, "कान कसा आहे गं?"

"ओरडू नका हो, ऐकू येतं आता!"

अख्खा दवाखाना हसला. तोफ सगळ्यांत मोठ्यानं.

दवाखान्यात काम करता ना तुम्ही? मग एवढं करा. सोबतच्याला बाहेर बसवा, आवाज खाली आणा, विचारा. आणि तिला तिचं उत्तर स्वतः देऊ द्या.