हशापर्यंतची प्रार्थना

नकला करणं हा माझा खरा धंदा. श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यातली कारकुनी नुसती नावाला. शनिवार पेठेतला तपकीर ओढणारा शास्त्री म्हणा, माहुतावर रुसलेला हत्ती म्हणा, मी उभा राहिलो की माणसं पोट धरून बसत. पन्नाशीला टेकलो तरी खोड गेलेली नाही. तुम्ही आत्ता समोर असता तर एखादी करूनच दाखवली असती. एकच नक्कल मी हल्ली करत नाही, आणि लोक नेमकी तीच मागतात.

तोफखान्यात गोव्याकडचा एक किरिस्ताव गोलंदाज होता. त्याच्या जातीची बाकी टोळी मोहिमेवर गेलेली. जुन्या तोफांची देखभाल करायला हा एकटा मागे राहिला. रोज दुपारी तोफेच्या गाड्याआड गुडघे टेकायचा, कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावायचा आणि पाद्र्यानं शिकवलेल्या परक्या भाषेत प्रार्थना म्हणायचा. अर्थ मला कशाला कळतोय! पण सूर असा, की नकलाकाराच्या तोंडाला पाणी सुटावं. आठ दिवसांत उचलला. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, नाकातून सुरुवात करायची आणि अर्ध्यावर आलं की तोफ उडावी तशी दणदणीत शिंक! हशानं छपरावरची कबुतरं उडायची.

एकदा त्यानं हे पाहिलं. मला वाटलं, आता भांडण. तो म्हणाला, "पंत, पुढचं राहिलं."

"पुढचं तुम्हीच म्हणा हो. आमचा हशा झाला!"

यावरही लोक हसले. तोही थोडा हसला, बहुधा माझी लाज राखायला.

चैत्रात एक तोफ तपासताना दारू भडकली. त्याची छाती आणि गळा भाजला. वैद्य म्हणाले, संध्याकाळ निघणं कठीण. आवाज गेलेला, शब्द फुटायचा तो नुसता वारा. पाद्री घाटाखाली, कितीतरी मजलांवर. मी दारातच उभा होतो. विटाळ होईल हे निमित्त; खरी होती ती भीती. त्यानं खुणेनं बोलावलं. गेलो, वाकलो.

"पंत... तुम्ही म्हणा. माझ्यानं होत नाही."

त्या दिवशी तोफखान्यात ती प्रार्थना येणारा मी एकटा. आणि मी कोण, तर विदूषक.

डोळे मिटून सुरुवात केली. आवाज नाकातूनच आला. दुसरा माझ्याकडे नव्हताच. दाराशी उभ्या मंडळींतून कोणीतरी खुदकन हसलं.

"अहो पंत, वेळ काय, तुम्ही करताय काय?"

मी त्यांना हात जोडले, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच नाक. पण तो ऐकत होता. त्याचे ओठ माझ्यामागून हलत होते. आणि शिंकेची जागा आली.

तिथे मी थांबलो. पुढचं मला येतच नव्हतं. रोज गाड्याआड कान देऊन उभा राहायचो, पण शिंकेची जागा सापडली की उठून यायचो. उरलेलं ऐकायची मला गरजच काय होती?

तो माझ्याकडे बघत राहिला, पानावर बसलेल्या माणसानं वाढप्याकडे बघावं तसा. मी पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच अडलो. तिसऱ्यांदा म्हटलं, चौथ्यांदा म्हटलं. कात्रजच्या तळ्यातून येणारं हौदाचं पाणी आणून माझ्या हातानं त्याच्या ओठांना लावलं. विटाळ तेव्हा आठवलाही नाही. त्यानं मानेनंच नको म्हटलं. त्याला पुढचं हवं होतं. उन्हं कलायच्या आत तो गेला, ओठ तसेच उघडे.

देवाची थट्टा केली तर वीज पडते, असं आमचे शास्त्री सांगत. वीज पडली नाही. पडती तर सुटलो असतो.

दसरा झाल्यावर पाद्री आला. मी विचारलं, "पुढचं काय असतं हो?" त्यानं म्हणून दाखवलं, अर्थही सांगितला. इवलंसं होतं. रोजची भाकर मागायची, आणि ज्यांनी आपला अपराध केला त्यांना क्षमा करायची.

आता सगळी पाठ आहे. कधी दुपारी गाड्याआड एकटाच म्हणून बघतो. अजून नाकातूनच येते.