स्वतःचे हात बांधून गेलेले साहेब

आमचे थोरले साहेब भारी तापट. एकदा स्कूटर सुरू होईना, तर त्यांनी ती तिथल्या तिथे गॅरेजवाल्याला विकली आणि सातपूरच्या कारखान्यात पायी आले. दुसऱ्या दिवशी तीच परत विकत घेतली. स्वतःचा स्वभाव ते ओळखून होते. म्हणूनच कंपनीच्या नियमावलीत त्यांनी कलम घातलं: कुठलाही विभाग विकायचा तर संचालकांनी आधी भागधारकांना विचारायचं.

ते गेले आणि त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. मागच्या वर्षी एका बड्या कंपनीने आमची व्हॉल्व्हची कंपनी गिळायचा घाट घातला. संचालक नाही म्हणाले, तर ती थेट भागधारकांकडून शेअर घ्यायला निघाली. तिचा डोळा आमच्या चाचणी विभागावर होता. मी तिथेच केस पांढरे केलेत. संचालकांनी तोड काढली, की हा विभागच पुण्यातल्या ओळखीच्या कंपनीला विकून टाकू. चोर येणार म्हणून भांडी शेजाऱ्याला देऊन टाकण्यातला प्रकार. यंत्रं पुण्याला गेली असती आणि आम्ही घरी बसलो असतो.

कलम आडवं आलं. वकील म्हणाले, "आधी विकून टाका, मंजुरी नंतर घेऊ."

"बाबांनी 'आधी' लिहिलंय," धाकटे साहेब म्हणाले आणि त्यांनी सभा बोलावली.

थोरल्यांनी जुन्या कामगारांना शेअर दिले होते, म्हणून मीही गेले. विरोधात असतील त्यांनी हात वर करा, असं सांगण्यात आलं. समोर साहेब बसलेले, आणि उद्या कामाला त्यांच्याच दारात जायचं. माझा हात मांडीवरून हलेना. तेवढ्यात पहिल्या रांगेत एक हात वर गेला. साहेबांच्या आईचा.

"तुला नाही म्हणत नाहीये रे," त्या म्हणाल्या. "विकायला नाही म्हणतेय. आणि माझे शेअरही मी कुणाला देणार नाही."

मग माझाही हात गेला, आणि पाठोपाठ बऱ्याच जणांचा.

"ठराव नामंजूर," साहेबांनी स्वतःच जाहीर केलं. पुढे आईंचं बघून बहुतेकांनी शेअर विकले नाहीत आणि बडी कंपनी हात हलवत परत गेली. थोरल्यांचे उपकार तर आहेतच, पण पळवाट समोर असून तिकडे न वळलेल्या धाकट्यांचे मी जास्त मानते.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या विभागात आले. थेट माझ्या यंत्रापाशी येऊन थांबले.

"तुम्हीही हात वर केलात ना?"

मी मान हलवली.

"बरं केलंत," ते म्हणाले. "मीही स्कूटर विकायलाच निघालो होतो."